टोरांटो ते धुळे, एकोणतीस तास

प्रिय अक्का,

काल तुझी तेराव्याची गंधमुक्ती झाली. पाहुणे जेवून गेले, अंगणातला मांडव सुटला, भाड्याची भांडीही परत गेली. परवा माझं परतीचं विमान आहे. तुझ्या धुळ्याच्या घरात, खिडकीजवळच्या तुझ्याच खुर्चीत बसून हे लिहितो आहे.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. फोन होता ना! पण एक गोष्ट अशी आहे की ती कुणाजवळ बोलताच येत नाही. तुझ्या भावजयीला, रश्मीला सांगितली, तर ती म्हणेल, तुझी झोप झाली नव्हती. वैशालीला सांगितली तर ती घाबरेल, आणि तिच्या पोटात सहा महिन्यांचं बाळ आहे. उरलीस तू. आणि खरं सांगू? तुला सांगायचीही मला थोडी भीती वाटते आहे.

अक्का, फ्रँकफर्टला मला तुझा आवाज आला.

थांब. नीट, पहिल्यापासून सांगतो.

आपलं घर एसटी स्टँडमागच्या गल्लीत, आणि तू स्टँडवर कंट्रोलर. तीस वर्षं तुझ्या हातात तो माइक होता. घरात घड्याळाकडे कोण बघायचं? तू 'पारोळा, एरंडोल मार्गे जळगाव' म्हणालीस की आई कुकर लावायची. बोलण्याआधी माइकवर नखानं दोन टिचक्या मारायची तुझी सवय. टक, टक. मग ते ठरलेलं वाक्य, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' माइकवर अगदी पुस्तकातली मराठी! आणि माइक बंद झाला, की मी कुठे निघालो, जेवलो का, ते त्याच तोंडानं खिडकीतून अहिराणीत ओरडून विचारायचीस, "कथा चालना रे भाऊ? जेवनास का नही?"

तू कुणासाठी गाडी थांबवली नाहीस. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस केबिनमध्ये येऊन टेबलावर हात आपटून गेला, तरी नाही. आणि माझी पुण्याची मुलाखत होती त्या दिवशी? मला दोनच मिनिटं उशीर झाला होता. मी फाटकातून पळत आत येत होतो, तू मला काचेतून बघत होतीस, आणि माझ्या डोळ्यांसमोर तू गाडी सोडलीस! मी बॅग घेऊन चौकापर्यंत धावलो. ड्रायव्हरनं ओळखलं म्हणून घेतलं. मी किती चिडलो होतो! तू फोनवर एवढंच म्हणालीस, "गाडी बठ्ठासनी शे रे भाऊ. एकल्यानी नही." सगळ्यांची गाडी, एकट्याची नाही!

मग मी टोरांटोला गेलो. दर रविवारी तुझा एकच प्रश्न. "किती तास लागतस रे?"

मी सांगायचो, साडेबारा हजार किलोमीटर. तू वैतागायचीस. "किलोमीटर डायवरले सांग. माले तास सांग."

दर रविवारी का विचारायचीस ग? मला वाटायचं, वय झालं, विसरते. मीही दर वेळी काहीतरी वेगळं सांगायचो. कधी तीस, कधी पस्तीस. तू 'हं' म्हणायचीस.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, जळगावला, गुरुवारी सकाळी दहाला. सोमवारी तुझा फोन आला. 'ये' असं तू म्हणालीच नाहीस. तू विचारलंस, "आते किती तास लागतस रे भाऊ?"

मी म्हणालो, "अक्का, आत्ता फार वाईट आहे. चाळीस, पंचेचाळीस तास. तीन ठिकाणी विमान बदलायचं. आणि तिकीटच मिळत नाहीये."

मी तिकीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही मित्रांबरोबर एका तळ्याकाठी बंगला घेतला होता. मुलांना कबूल केलं होतं. आणि मनात म्हणालो, वैशाली आहे ना तिथं. मधल्या ताईची मुलगी, ताई गेल्यावर तूच वाढवलेली. ती बघेल.

तू मग म्हणालीस, "हा रे, लांबच शे."

एवढंच! एक शब्द वावगा बोलली असतीस तर बरं झालं असतं. का बोलली नाहीस?

या वेळी वैशालीचा फोन दुपारी आला. मी ऑफिसात होतो. "मामा, मावशीला जळगावला आयसीयूत घेतलंय. डॉक्टर म्हणतात, ज्यांना यायचंय त्यांनी निघावं." तिच्या आवाजात रडं नव्हतं, म्हणून मी जास्त घाबरलो. त्याच संध्याकाळचं तिकीट अकरा मिनिटांत मिळालं. अकरा मिनिटांत, अक्का! सहा वाजता मी विमानात होतो.

समोरच्या सीटमागे पडदा असतो. त्यावर नकाशा, नकाशावर छोटं विमान, आणि खाली आकडे. किती किलोमीटर राहिले, किती वेळ राहिला, बाहेर उणे चोपन्न अंश. लोक सिनेमे बघत होते, मी रात्रभर ते आकडे बघितले. विमान हललेलंच दिसत नाही त्यात. दहा मिनिटं डोळे मिटून उघडले तरी ते त्याच निळ्या पाण्यावर. मला पहिल्यांदा कळलं की तू किलोमीटरला का वैतागायचीस. किलोमीटर कमी होतात, त्याचं माणसाला काही वाटत नाही. तास मात्र एकेक अंगावरून जातो.

फ्रँकफर्टला सकाळी उतरलो. मुंबईचं विमान दुपारी एकला, बी सव्वीस नंबरच्या गेटवरून. मी तिथं जाऊन बसलो. लख्ख ऊन काचेतून आत येत होतं. शेजारी एक पंजाबी म्हातारी, मांडीवर डबा. वैशालीचा निरोप होता, 'तसंच आहे. या.' माझा डोळा लागला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्या बाईंनी मला मेथीचा पराठा दिला होता आणि तो माझ्या हातात होता.

टक, टक.

इतक्या मोठ्या विमानतळावर, जर्मन आणि इंग्रजी सूचनांच्या मधेच. मग श्वास घेतल्याचा आवाज, तुझा, जरा दम लागलेला. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंबईमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक बेचाळीसवरून सुटेल. गाडी सव्वा तास उशिरानं सुटेल.' मग थोडं थांबून, 'प्रवाशांनी घाई करू नये.'

मी उभा राहिलो. पराठा खाली पडला. आजूबाजूला कुणी मानही वर केली नाही. त्या बाई म्हणाल्या, "क्या हुआ बेटा?" मी विचारलं, "आपने सुना?" त्या म्हणाल्या, "क्या सुना?"

मी फलकापाशी गेलो. मुंबईसमोर अजून सव्वीसच होतं, वेळ एकचीच. मी तिथंच उभा राहिलो. आणि माझ्यासमोर ती ओळ बदलली. बी बेचाळीस. सव्वादोन.

अक्का, अंगावर काटा येतो म्हणतात ना, तसं काही झालं नाही. हातपाय गार पडले फक्त, जसे लहानपणी ताप चढायच्या आधी पडायचे. मी रश्मीला निरोप पाठवला, 'गेट बदललं, बेचाळीस, उशीर आहे.' आवाजाचं लिहिलं नाही. बेचाळीसवर जाऊन बसलो आणि एकच विचार करत राहिलो, की 'घाई करू नये' असं तू माइकवरून कधी म्हणाली नाहीस. तीस वर्षांत एकदाही नाही. तुझं उलटच असायचं, 'त्वरा करावी.'

पाऊण तासानं वैशालीला फोन केला. तिनं उचलला. "मावशी झोपली आहे मामा. शांत आहे. तुम्ही सावकाश या."

मला इतकं हलकं वाटलं! आठ तास मी विमानात चक्क झोपलो. जागा झालो तेव्हा तुला काय काय सांगायचं ते ठरवत होतो. मुंबईहून सकाळच्या छोट्या विमानानं जळगावला आलो. खाली केळीचे हिरवे पट्टे दिसले तेव्हा हसूसुद्धा आलं. बाहेर वैशाली उभी होती, जावई उभे होते, गल्लीतले चार जण उभे होते. कुणाच्या कपाळाला काही नाही, पायात चपला धड नाहीत. मी ओळखलं.

"केव्हा?" मी विचारलं.

"काल पावणेचारला, मामा."

म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला जाऊन अर्धा तास झाला होता.

"तू खोटं बोललीस माझ्याशी?" मी ओरडलो तिच्यावर, सगळ्यांसमोर. ती मान खाली घालून म्हणाली, "मावशीनंच सांगून ठेवलं होतं. भाऊले रस्तामा सांगू नको, त्यानी झोप उडी जाई."

तुला रुग्णवाहिकेतून धुळ्याला आणलं. मी तुझ्याजवळ बसलो होतो. एरंडोल गेलं. आता चारपदरी रस्ता गावांना बाहेरून वळसा घालतो, गाव दिसतही नाही. पण पारोळ्याला गाडी एकदम आत वळली. बाजारातून, रिक्षांच्या गर्दीतून, सरळ स्टँडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एक मिनिट तशीच उभी. मी पुढच्या काचेवर टकटक केलं. ड्रायव्हर घामानं डबडबलेला. "दादा, मी बायपासनंच जाणार होतो. आत कसा आलो, खरंच नाही समजलं." मग त्यानं हात जोडले, माझ्याकडे नव्हे, तुझ्याकडे बघून, आणि गाडी काढली.

जळगावहून निघालेली गाडी पारोळ्याला थांबते, हे मी त्याला काय समजावणार?

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आल्यावर तुझ्या कपाटात तुझी आधारकार्डाची प्रत शोधत होतो. तिथं मला तो कागद सापडला. स्टँडवरच्या छापील फॉर्मची मागची बाजू, पट्टीनं आखलेली, तुझं ते टपोरं अक्षर. 'टोरांटो सुटणे. फ्रँकफर्ट पोचणे. फ्रँकफर्ट सुटणे. मुंबई पोचणे.' पुढे मुंबई ते धुळे मोटारीनं, कसारा, नाशिक, मालेगाव, सगळे थांबे. सगळ्यात खाली, 'एकूण २९ तास.' आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं, 'मंगळवारी निघाला तर गुरुवारी सकाळी साडेआठ. जळगाव साडेदहा. ऑपरेशन थोडं पुढे ढकलायला सांगणे.'

कुणाकडून काढल्यास ग या वेळा? कुठल्या तिकीटवाल्याकडे जाऊन बसलीस, त्या आजारपणात? आणि हे सगळं काढून ठेवून मग मला फोन केलास! 'किती तास लागतस रे?' तुला तास माहीत होते. मी काय सांगतो तेवढंच ऐकायचं होतं. आणि मी पंचेचाळीस सांगितले.

तो कागद हातात घेऊन मी कपाटासमोर जमिनीवर बसलो. वैशालीनं हाक मारली, मी म्हणालो, सापडत नाहीये अजून.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

दशक्रियेच्या दुपारी वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मामा, तुम्हाला ऐकवू का नको कळत नव्हतं. शेवटी शेवटी मावशी स्टँडवरचंच बोलत होती. मी मोबाइलवर घेतलंय, तिचा आवाज राहावा म्हणून."

तिनं लावलं. आधी नुसती यंत्रांची टिकटिक. मग तुझा आवाज. पण ते बरळणं नव्हतं, अक्का. तू कुणाशी तरी बोलत होतीस. तू बोलायचीस, मग थांबायचीस, समोरचा बोलेल एवढा वेळ, मग पुन्हा तू.

"नाही साहेब, निघालाय तो."

शांतता.

"एकोणतीस तास. मी काढलेत साहेब, चुकणार नाहीत."

शांतता. या वेळी जरा लांब.

"हो, मी कुणासाठी थांबवली नाही. मान्य आहे. पण माझा भाऊ आहे."

शांतता.

"तेवढी थांबवा ना, साहेब."

मग बराच वेळ काही नाही. आणि मग तू, अगदी हळू, "बरं. मग त्याला तेवढं सांगून येते."

आणि टक, टक. वैशाली म्हणाली, "हे तिनं पलंगाच्या दांडीवर वाजवलं." पुढची वाक्यं मला पाठ होती. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक बेचाळीस. सव्वा तास उशिरानं. घाई करू नये.

"बेचाळीस नंबरचा फलाट धुळ्याला आहे कुठं?" वैशाली डोळे पुसत हसली. "काहीही बोलत होती बिचारी."

मी तिच्या मोबाइलवर ते रेकॉर्डिंग संपल्याची वेळ बघितली. तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं. मग बाहेर ओट्यावर जाऊन माझा मोबाइल काढला. रश्मीला निरोप पाठवला होता तो फ्रँकफर्टच्या अकरा अठ्ठावन्नला. साडेतीन तासांचा फरक. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. तेच. आवाज त्याच्या मिनिटभर आधीचा.

वैशाली माझ्यामागे आली. तिनं विचारलं, "मामा, खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नर्सही बाहेर होती. मावशी साहेब साहेब कुणाला म्हणत होती? ती तर कुणालाच साहेब म्हणायची नाही."

मी म्हणालो, "माहीत नाही ग."

आणि खरंच माहीत नाही. कोण होता तो, अक्का? तू ज्याच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा विनवणी केलीस, आणि ज्यानं नाही म्हटलं? त्या रिकाम्या जागा मी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकल्या आहेत. त्यांत काही नाही. श्वाससुद्धा नाही. पण तिथं यंत्रांची टिकटिकही थांबलेली आहे. तेवढ्याच जागांपुरती. हे वैशालीच्या लक्षात आलेलं नाही. मी ते तिला सांगणार नाही.

मला राग तुझाच येतो. दोन मिनिटं उशिरानं धावत येणाऱ्या माझ्यासाठी तू गाडी थांबवली नाहीस, आणि जिथं काही चालत नाही तिथं माझ्यासाठी पदर पसरलास! मी त्या लायकीचा नव्हतो ग. तो कागद तुझ्याच कपाटात होता. तुला माहीत होतं.

काल पाहुणे गेल्यावर मी वैशालीला माझ्यासमोर बसवलं आणि ऑपरेशनच्या आठवड्याचं सगळं सांगितलं. तळं, बंगला, न बघितलेलं तिकीट. आवाजाचं नाही, फक्त खोटं सांगितलेलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या मामा, झालं गेलं.

ती तसं म्हणाली नाही. खूप वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी साडेपाच तास एकटी बसले होते ऑपरेशनच्या खोलीबाहेर. सह्या माझ्या घेतल्या. मी चोवीस वर्षांची होते. दर वेळी दार उघडलं की मला वाटायचं, आता हे सांगणार. तुमच्यावर मी कधी रागावले नाही, कारण मला वाटायचं, तुम्हाला येताच आलं नाही."

"आता राग येतोय?" मी म्हणालो.

"आता दमलेय मामा," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझं माहेर म्हणजे मावशी. आता सासूबाई करतील, त्या चांगल्या आहेत. पण तुम्ही येतो म्हणणार असाल तर विचार करून म्हणा. यायचं नसेल तर आत्ताच नाही म्हणा. मला चालेल. ते तिकीट मिळत नाही वगैरे मला नको."

अगदी तुझ्यासारखी बोलली! मी तिथंच, तिच्यासमोर मोबाइल काढला. रश्मीला फोन लावला, ती तिकडे नुकती उठली होती, ती हो म्हणाली. दोघांची तिकिटं काढली. वैशालीनं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि नाव, तारीख, वेळ, सगळं एकदा वाचलं, मग पुन्हा एकदा. मग उठली आणि दोघांना चहा ठेवला.

म्हणून हा शब्द तुला देतो, अक्का. बाळंतपणाच्या पंधरा दिवस आधी आम्ही दोघं या घरात असू. दार उघडेल तेव्हा खोलीबाहेर वैशालीचं माणूस उभं असेल, आणि सह्या लागल्या तर माझ्या असतील. बाळाला घेऊन ती याच घरात सव्वा महिना राहील. तिनं काही विचारलं, तर तिला मी खरं तेच सांगेन, कितीही वाईट असलं तरी.

तुझा,
भाऊ